आठ व्होल्ट

पौषातलं ऊन, नाशिकचं,
कोरडं, खणखणीत,
नाण्यासारखं वाजवून घ्यावं असं.
आणि कंट्रोलरवर आकडा : अकरा पूर्णांक आठ.
दिवसभर तेवढाच.
संध्याकाळी सातला दिवा पिवळा पडतो,
आठला टूं टूं करत इन्व्हर्टर हात वर करतो.

प्रज्योत फोनवर म्हणाला, बॅटरी गेली, गांगुर्डेबाई.
नवी टाका. सतरा हजार.
न बघता.
अंबडच्या कारखान्यात लाइन तीनवर
चोवीस वर्षं स्विचगिअर जोडले मी,
तिथे न बघता पाना उचलायचीसुद्धा सोय नव्हती.

म्हणून आधी जिना.
पाथर्डी फाट्याच्या रस्त्याची धूळ पॅनेलवर बोटभर,
खाली उजव्या कोपऱ्यात पारव्यांच्या सह्या.
दोन बादल्या पाणी, एक जुना बनियन.
स्वच्छ काचेत पांडवलेणीचा डोंगर आडवा दिसला.
आकडा : अकरा पूर्णांक आठ.

मग बॅटरी. सहा बुचं उघडली,
हायड्रोमीटर एकेका तोंडात धरला, थर्मामीटरसारखा.
अकराशे पन्नास, अकराशे पन्नास, अकराशे चाळीस...
एखादाच सेल मेला असता तर आकड्याने फितुरी केली असती.
हे सहाही सारखेच खंगलेले.
म्हणजे ही आजारी नाही, उपाशी आहे.
घरात कोणी वाढतच नसेल
तर डॉक्टर बदलून काय होणार?

देवळालीला तोफांचा सराव चाललेला.
दर धडाक्याला तावदानं थरथरायची,
मीटर ढिम्म.

गच्चीवर, पॅनेलच्या पाठीशी : वीस.
खाली, कंट्रोलरच्या दाराशी : बारा.
अँपिअर जेमतेम एक.
वीस निघाले, बारा पोचले.
आठ व्होल्ट वाटेत कुठे उतरले?

वायरीवर हात फिरवत निघाले,
वीतवीतभर, नाडी बघावी तशी.
पाण्याच्या टाकीमागे, भिंतीच्या आडोशाला
काळी टेप
कोमट लागली.
सावलीत. थंडीत. कोमट.

तिथेच बसले मी.

कारण ती टेप माझ्या हातची.
दोन वर्षांपूर्वी टाकीसाठी पॅनेल सरकवलं
तेव्हा वायर चार हात कमी पडली.
क्रिम्पिंग टूल वसुधाकडे, घोटीला.
पकडीने दाबलं, टेप गुंडाळली,
म्हटलं, तात्पुरतं आहे.
(घरातलं तात्पुरतं मोजायला घेतलं तर
फाटकाला बांधलेली सुतळी,
विटेवर टेकवलेला फ्रीज,
लेकीचं दोन महिन्यांसाठी पुण्याला जाणं.)

देवरे सुपरवायझर नव्या पोरींना सांगायचे,
गांगुर्डेच्या हातचा जोड उलटा टांगून बघा.
निरोपाच्या दिवशीही तेच भाषण.
मी मान खाली घालून ऐकलं
आणि खरं मानलं.

पॅनेलवर गोधडी पांघरली.
सूर्याला म्हटलं, थांब जरा.
टेप सोडली : हिरवा गंज, राखेसारखी पूड,
एकोणीस तारांतल्या चारच धरून होत्या.
चार तारा. दोन वर्षं.
सगळं घर.

टूल घोटीहून तिसऱ्या दिवशी आलं,
काळीपिवळीच्या ड्रायव्हरच्या हाती.
तारा चकचकीत होईतो खरवडल्या,
नवी स्लीव्ह घातली, दाबलं
टक् वाजेपर्यंत.
तो टक् ऐकून चार वर्षं झाली होती.
ओढून बघितलं.
परत ओढून बघितलं.

गोधडी काढली तर अकरा अँपिअर.
दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी आतून बुडबुडायला लागली,
वरणाला पहिला कढ येतो तशी.
मी स्टूल ओढून शेजारी बसले,
काही कारण नव्हतं.

मग प्रज्योतला फोन.
बॅटरी चांगली आहे म्हटलं,
जोड सैल होता, टाकीमागे.
अरे वा, म्हणाला. पण केला कोणी होता तो जोड?

हॅलो, म्हटलं मी. हॅलो?
रेंज जातेय रे तुझी.