जांभळ्या टोपणाची नळी

बरकाच्या दवाखान्यात रात्री अकरानंतर
मी असते, मशीन असतं,
आणि एसीतून बादलीत ठिबकणारं पाणी.

अब्बास हुर्जूक, वय एकावन्न, गाव दाभोळकडचं,
बुटाच्या नाड्या न बांधताच खुर्चीत बसले.
बाही वर केली. "घे बाय. शीर सापडायची नाही,
नुसता फुगलोय."
नडगीवर अंगठा दाबून बघितला,
खळगा पडला तो तसाच राहिला,
ओहोटीच्या वाळूत टाच उमटावी तसा.

झोप लागते का?
"लागते की. बसून."
खोलीत आठ जण, यांची खाट वरची.
ती एका नव्या पोराला देऊन टाकली,
खाली भिंतीला तीन उश्या लावून
हे बांगेची वाट बघतात.
घरी फोनवर सांगतात: हवा दमट आहे, त्याची धाप.
बाकी बरं.

नळी आत गेली. अठरा मिनिटं.
अठरा मिनिटं माणसाशी काय बोलायचं?
मला कळतं तेवढं सांगितलं:
काका, हृदयाला ताण पडला की ते चिठ्ठी लिहितं,
मूत्रपिंडांना.
मीठ सोडा, पाणी सोडा, मला पेलत नाही.
चिठ्ठी पाकिटातून निघते आणि लवकर विरते.
रिकामं पाकीट मात्र रक्तात बराच वेळ भटकतं.
आम्ही पाकिटं मोजतो.

ते हसले, हसता हसता खोकले.
"एकोणीस वर्षं प्लांटवर दुसरं काय केलं मी?
समुद्र आत, मीठ बाहेर.
अख्ख्या शहराला गोडं पाणी पाजलं,
आणि हा आतला मुकादम मलाच शिकवतो?"

मग आवाज खाली आला.
पुढच्या महिन्यात व्हिसाची तपासणी.
"आकडा जरा कमी लिहिता येईल?
पोरीचं फार्मसीचं एकच वर्ष उरलंय."

मशीनने कागद बाहेर टाकला.
चार हजार तीनशे बारा.
या वयाला नऊशे ओलांडले की
आम्ही डॉक्टरांना झोपेतून उठवतो.

पेन हातात होतं.
मीही रोज आईला सांगते, जेवले, झोप झाली.
माझी नळी अजून कुणी भरली नाही, एवढंच.

आकडा होता तसा लिहिला.
डॉक्टर सामिया आल्या केस बांधत,
इंजेक्शन दिलं, कॉट वर केली.
पहाटेपर्यंत दोन लिटर उतरलं.
सिस्टर मापाचं भांडं घेऊन जाताना
अब्बासकाका डोळे मिटूनच म्हणाले,
"पोचली वाटतं चिठ्ठी."
कॉट थोडी खाली करायला सांगितली त्यांनी.
आणखी थोडी.

व्हिसाचं कुणीच काढलं नाही.
त्यांनी नाही, मी नाही.
उजाडताना बघितलं तर
एसीची बादली काठोकाठ भरली होती.
मी ती उचलून बाहेर
कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतली.