थरथर

जुबैल. शुक्रवार. कॅम्पची खोली नऊ.
रोडेलने भंगारबाजारातून आणलेलं पत्र्याचं मैदान
माझ्या खाटेवर, वायर प्लगात.

बटण दाबलं की अख्खा संघ थरथरतो.
माझा सात नंबर स्वतःभोवतीच फिरतो,
विमानतळावर कागद हरवलेल्या माणसागत.

"पाय बघ त्याचे," रोडेल म्हणतो.
तळाला प्लास्टिकच्या चार काड्या.
चहाच्या वाफेवर धरायच्या,
चिमट्याने वाकवायच्या
तसूभर नाही, केसभर.

आठवडाभर मी कंप्रेसरची थरथर मारतो,
त्याचाच पगार.
इथे तिच्यावाचून कुणी जागचं हलत नाही.

तिसऱ्या चहाला सात नंबर सुटला,
बचाव फोडून, रेघ ओलांडून,
खाटेवरून थेट खाली.

परकार झोपेतच, "गोल?"

काय म्हणतात ते ठाऊक नाही, चाचा.
सरळ गेला.