शिंक

किझितोच्या उशीपाशी फोन, फोनमध्ये
त्याच्या गावच्या चर्चचा रेडिओ:
एक खोली, एक फादर
आणि मागे न चुकता आरवणारा कोंबडा.
रुवीत पहाटेचे साडेपाच. तिकडे तासभर मागे.

लुगांडा मला येत नाही.
मयतांची नावं तेवढी कळतात:
पेत्रो, आनास्तासिया, योसेफू...
आमच्या वसईच्या आळीतलीच, जरा लांबवून म्हटलेली.
बाकीचं किझितो सांगतो बूट पुसता पुसता.
कुणाची गाय हरवली,
चर्चच्या पत्र्यांना किती पैसे कमी पडताहेत.

आईच्या महिन्याच्या मिस्साला
कंपनीनं त्याला सोडलं नाही.
ड्युटीवरून आला, चादरीत तोंड खुपसून
चार वाक्यं रेकॉर्ड केली
आणि फादरला पाठवली.

रविवारी ती लागली.
एका इयरफोनची दोन टोकं, दोघांच्या कानांत.
त्याचा आवाज, आमच्या एसीची घरघर,
आणि आईच्या नावापाशी
माझी शिंक.
मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी बहिणीचा फोन.
ती बराच वेळ बोलत होती, हा नुसता हं हं करत होता.
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
'विचारतेय, खोलीत कोण शिंकतं तुझ्या?
आलं चावायला सांग म्हणते त्याला.'