गुलनार

दिवाळ्याच्या जेट्टीमागे, तिवरांच्या चिखलात
एका कुशीवर निजलेली सापडली ती,
तेव्हा केबिनमध्ये कोंबड्या होत्या.
मी किंमत विचारली. मालक आधी हसला,
मग म्हणाला, कोंबड्या सोडून.

प्रॉव्हिडंट फंडाचं शेपूट असं खर्चलं.
मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, ती तरंगते तरी का?
अजून नाही, म्हणालो.

काथोड मिस्त्री आला. चप्पल काढून
बोटाच्या पेरांनी ठोकत गेला तिला
कलिंगड निवडावं तसा.
"पठाण शाबूत हाय. वाक आठ गेले.
मशीन कोन्या ट्रॅक्टरचं हाय, ते भंगारात द्या."

खरवडू लागलो.
वर निळा, त्याखाली सरकारी करडा,
त्याखाली मिठाने फोड आलेला हिरवा,
आणि सगळ्यांत आत वॉर्निश, जुन्या मधासारखं.
मागच्या फळीवर नावं निघत गेली:
जय एकवीरा. मग नुसता नंबर.
मग सोनेरी, ऐटदार, अर्धं पुसलेलं
गुलनार.
कुणा तेमुलजी शेठने छत्तीस साली
माझगावला बांधून घेतलेली, लेकीच्या नावाने.
रविवारी घारापुरीला जायची म्हणे
बर्फाची पेटी आणि ग्रामोफोन घेऊन.

मला ती आठवते करड्या रंगातली.
बाहत्तर साल. मी बावीसचा.
मांडीवर नकाशा: खाडी, मिठागरं, भातखाचरं,
आणि त्यांच्यावर पेन्सिलीने आखायचं एक शहर.
नाळेवर उभा राहून शिसं सोडायचो पाण्यात,
ओरडायचो, दोन वाव! दीड वाव!
आणि साहेब बोट दाखवतील तिथे
लोखंडी खुंट.

सातव्या आणि आठव्या वाकाच्या मध्ये,
पाणरेषेवर, अख्ख्या सागात
एकच फळी आंब्याची.
काथोडचा हात थांबला.
खिळे सगळे एका बाजूला कललेले.
"बाचं काम. माजा बा डावरा व्हता."

मग रंधा मारता मारता सांगत गेला:
कुठल्याशा पोराने खाडीत खुंट रोवला,
निशान लावायचं विसरला.
भरतीला लाँच चढली त्याच्यावर.
रातचं बाला उठवला. सागवान कुठनं आनायचं?
घराचा दरवाजा काढला त्याने,
मुशीचं तेल पाजलं, ठोकला.
"पावसाळाभर आमच्या दाराला गोनपाट.
भरून देतो, म्हनालं सरकार."

मी राळ ढवळत होतो. ढवळत राहिलो.
निशाण लाल होतं. झोळीतच राहिलं होतं माझ्या.

वाटलं, ती फळी तो ठेवील.
पटाशी घालून त्याने ती उपसली एका दमात.
"सडली आतनं. बाने घाई केलती."
नवा साग बसवला, शिवणींत काथ्या कोंबला,
आणि दरवाजाचा तो तुकडा
दोन विटांवर टाकून त्यावर किटली ठेवली.
महिनाभर मी त्याच्यावरचा चहा पीत होतो.

पुनवेच्या उधाणाला ओंडक्यांवरून ढकलली.
तरंगली.
आणि लगेच गळू लागली, शिवणीशिवणीतून.
मला घाम फुटला. काथोडने विडी पेटवली.
"पिऊ दे. किती वर्सं कोरडी व्हती.
लाकूड फुगंल, मंग तोंड मिटंल आपसूक."

रात्रभर हातपंप.
पलीकडे पामबीचचे दिवे,
त्यांच्यामागे टॉवर, ज्यांचे कोपरे
माझ्या खुंटांवरून ठरले.
खाली तिचं घोट घोट पिणं ऐकू येत होतं.
दोनच्या सुमारास बोललो अखेर:
काथोड, ते निशाण माझ्याकडे होतं.
केबिनमधून, अंधारातून:
"म्हाईत हाय. अदुगर पंप मारा."

मारत राहिलो.
पाणी आधी भसाभस, मग थांबत थांबत,
आणि उजाडायच्या थोडं आधी
पंपाने नुसतीच हवा ओढली.