गोल कोपरे

ओहोटी लागली की सादू नदीच्या मुखाशी
आमचा दिवस सुरू होतो.
पंप घरघरतो, हौद क्रमांक सात उपसला जातो,
रात्री शिरलेलं पाणी
ज्याचं त्याला परत.

चुना, वाळू, विटांचा चुरा.
अठराशे वर्षांत गिलाव्याला एकच तडा,
तोही पाइनच्या मुळाने घातलेला.
कोपरे काटकोनी नाहीत, गोल घेतलेत.
मी वहीत लिहिलं:
सांधे गळू नयेत म्हणून गोलाई.

झुल्मीरा पाल्मेइरू चाळणीवर असते.
तीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात
मुंडकी काढली तिने,
डावा अंगठा अजून तिरपाच राहतो.
माझी वही उलटीकडून वाचून म्हणाली,
"पोरी, हौद कधी घासलायस?
काटकोनात हात पोचत नाही.
तिथेच कुजतं."

मी माझं वाक्य खोडलं नाही.
खाली तिचं लिहिलं, तिच्या नावासकट.

तळाशी चार बोटं जाडीचा थर:
खवले, काटे,
तांदळाच्या कणीएवढे मणके.
मासळी भरली, मीठ पसरलं, पुन्हा मासळी, पुन्हा मीठ,
आणि काढायला कुणी आलंच नाही.
प्राध्यापक बेल्शियोर यांच्याकडे तीन कारणं आहेत.
भूकंप. चाचे. पडलेला बाजार.
तक्त्यावर तिघांनाही एकेक बाण.

झुल्मीरा चाळण हलवत राहते.
मग, कुणी विचारलेलं नसताना:
"आमचा भोंगा जाड होता, सर्दी झाल्यासारखा.
गावात नऊ कारखाने, नऊ भोंगे,
पण रात्री तीनलासुद्धा झोपेत कळायचं, हा आपला.
बोटी लागल्या, चला.
एका गुरुवारी वाजलाच नाही.
आम्ही डोक्याला रुमाल बांधून फाटकाशी उभ्या.
आत मिठाच्या पाण्यात चाळीस पेट्या होत्या.
पगाराचं झालं नंतर काहीतरी, अर्धंमुर्धं.
मला त्या पेट्यांचंच लागून राहिलं."

प्राध्यापकांनी ऐकलं नाही, ते फोनवर होते.

चारला भरती.
आम्ही ताडपत्री ओढली, कडांना दगड ठेवले.
नमुन्याची पिशवी बंद करण्याआधी
तिने ती नाकाशी धरली.
वास कसला यायला आता.
तरी तिने नाक मुरडलं,
शेजारणीच्या बरणीचं झाकण उघडावं तसं.
"मीठ कमी घातलंय," म्हणाली,
आणि बूट हातात घेऊन
पाण्यातूनच निघाली.