डंका बंद असताना

वीज गेली तेव्हा साडेबारा वाजले होते.
गंगावेशीतला डंका एक शेवटचा ठोका देऊन थांबला,
उखळात अर्धी कुटलेली संकेश्वरी तशीच,
आणि रांगेतल्या बायका डबे नंबरावर ठेवून
समोरच्या सावलीला गेल्या.

मी पिशवीतून बाटली काढली.
हौसाआत्तीनं आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"शिराझ," म्हटलं. "आमच्या टाकीतली, पलूसची."
"दारूच की रं."
"पिऊ नको. वास तेवढा सांग."

तीन वर्षं झाली, मी तिथं पिंपं धुतो, नळ्या जोडतो.
शिकवायला येणारे साहेब पेला फिरवतात, डोळे मिटतात,
म्हणतात रास्पबेरी, म्हणतात व्हायोलेट,
मी मान हलवतो.
ज्या फळाचा काटा कधी बोटात मोडला नाही
ते जिभेवर ओळखायचं कसं?

आत्तीनं हात तेलानं पुसले,
नाक क्षणभर आपल्याच पदरात खुपसलं.
चाळीस वर्षांचे धने, खोबरं, दगडफूल त्या पदरात;
नाक कोरं करायची तिची ही रीत.
मग चहाचा काचेचा ग्लास तोंडाशी नेला.
एप्रिलचं ऊन खिडकीत,
तरी ग्लासाच्या पलीकडचं काही दिसेना.

"जांभूळ.
झाडावरचं न्हवं. खाली पडल्यालं,
तापल्या फरशीवर फुटल्यालं.
थांब. करवंद बी हाय,
गगनबावड्याचं, चिकासकट."

मग बराच वेळ काही नाही.

"मिरी. कुटल्याली न्हाई, भरडल्याली.
जेष्ठमध.
आन् लांब कुठं गुऱ्हाळ चालू हाय बघ.
रस न्हवं, काकवी, जरा तळाला लागल्याली."
हसली. "सुभाषनगरातली कातडी बी टाकलीसा व्हय रं ह्यात?
हिरड्याच्या पाण्यातनं काढल्याली?"
मी म्हटलं, त्याला टॅनिन म्हणतात.
"म्हणू देत. हिरडा त्यो हिरडाच."

मी सांगितलं तिला: हाच वेल थंड मुलखात लावला
तर सडपातळ होतो, मोजकं बोलतो, मिरीपाशी थांबतो.
आमच्याकडं मार्चात मणी सुरकुततात,
रोज साखर चढते, आंबटपणा उतरतो,
आम्ही रात्री तीनला कपाळावर बॅटरी बांधून घड तोडतो,
नाहीतर दुपारपर्यंत सगळं हातचं जातं.

"उन्हानं वाढवल्यालं लेकरू. आवाज मोठाच आसणार.
पर वरडत न्हाई ह्ये.
आपला रस्सा तिखट म्हणून लोक नावाजत्यात;
तिखट काय, कुणीबी करतंय.
खाली खोबरं किती भाजलंय, त्ये बघाय पायजे."

ग्लास खाली ठेवता ठेवता, कुणी न विचारता,
"तुझ्या मामाच्या तोंडाला यायचा
त्यो वास ह्यो न्हवं,"
एवढंच म्हणाली.
मी उखळाकडं बघत राहिलो.

मग करंगळी बुडवून जिभेला लावली.
"गरम हाय."
"साडेचौदा टक्के," मी म्हणालो.
तिनं आकडा विचारला नव्हता.

वीज आली. मुसळं उचलली गेली.
पहिल्या ठोक्याला फळीवरच्या ग्लासात
एकात एक काळी वर्तुळं उठली,
हवेत लाल धूळ, बायका पदर नाकाला लावून परत रांगेत,
आणि त्या सगळ्या गोंगाटावरून आत्ती ओरडली,
"झाक त्ये आदी! चटणी उडंल त्यात."