भालदार

तिसरी घंटा झाली तेव्हा आम्ही पाचव्या रांगेत,
मांडीवर स्वेटर, डब्यात शेंगदाण्याचे लाडू,
पुढच्या खुर्चीत जाखडीकाकू, फुकट पासवर,
म्हणजे उद्या अख्ख्या कॉलनीला कळणार.

पडदा अडकला. मग सरकला.
मधोमध आई, महाराणी,
एकसष्टाची, संहितेत पंचविशीची,
माझ्या लग्नातल्या शालूत.
तिच्या मागे डावीकडे बाबा.
हातात भाला : पडद्याचा जुना रॉड, वर चंदेरी कागद.
चष्मा काढलेला, त्यामुळे करारी दिसणारे डोळे.

नोटांच्या प्रेसमधून सुटताना
तीस वर्षं रोज ज्यांची झडती झाली,
खिसे, डबा, चपला,
ते त्र्यंबक गायधनी आज स्वतःच दारावर.

"आजोबा कधी बोलणार?" ईरा विचारते.
तिसऱ्या अंकात. एकच वाक्य आहे.
महिनाभर ते कुकरच्या शिट्ट्यांतून ऐकलंय,
बाथरूममधून,
एकदा सिलिंडरवाल्यासमोरसुद्धा.

आईनं भूप लावला.
घरी ती गायला लागली की
बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.
"खिडकी लाव," म्हणायचे, "लोक काय म्हणतील."
आता लोक समोरच बसलेत
आणि बाबांना हलता येत नाही.
पाच पदं, एक वन्समोअर.
भालदाराला रिमोट नसतो.
चौथ्या पदात मिशीची एक बाजू सुटली,
हात वर गेला नाही.

तिसरा अंक. दूत आला, राणी वळली.
बाबा बोलेनात.
विंगेतून वाक्य आलं, एकदा, दोनदा,
आमच्या रांगेपर्यंत आलं,
ईरानंही पुटपुटून पाहिलं.
आईनं पेटीवाल्याला न विचारता
मागच्या पदाची शेवटची ओळ पुन्हा धरली,
सावकाश,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तशी.
"महाराणींचा विजय असो!"
भलत्याच जागी, ऐन तानेत.
टाळ्या. जाखडीकाकूंच्यासुद्धा.

रात्री द्वारका चौकातून गाडी वळली.
ईरा माझ्या मांडीवर झोपलेली,
भाला पुढच्या खिडकीतून अर्धा बाहेर.
आई म्हणाली, "वाकडा धरला होता तुम्ही. पहिल्यापासून."
बराच वेळ बाबा गिअरशी खटपट करत राहिले.
"दुसऱ्या पदात," मग म्हणाले,
"वरचा सा किंचित चढला होता."

आईनं काच वर करून पाहिली.
भाल्यामुळे लागेना.
नाशिकरोडपर्यंत थंडी आत येत राहिली.